सौरवादळ आणि शेवटचा अर्धा तास

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की त्यातून पृथ्वीकडे तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. सर्वांत आधी येतो तो प्रकाश. सौरज्वालेतील क्ष-किरण आणि अतिनील किरण ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वी गाठतात. दिवस असलेल्या बाजूचे आयनांबर, म्हणजे वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर, त्यांच्यामुळे एकाएकी अधिक दाट होते आणि लघुलहरींवरचे रेडिओ संदेश त्यातच जिरून जातात. त्यामागून, कधी अर्ध्या तासात तर कधी काही तासांनी, प्रचंड ऊर्जेचे प्रोटॉन येतात. सर्वांत शेवटी येतो तो सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला प्लाझ्माचा मेघ. शास्त्रज्ञांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ‘सीएमई’ म्हणतात. अशा मोठ्या मेघाचे वस्तुमान अब्ज टनांच्या घरात असते, वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरपासून तीन हजार किलोमीटरपर्यंत असतो, आणि सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा एक पीळ तो आपल्यासोबत ओढून आणतो. पृथ्वीपर्यंत यायला त्याला कमीत कमी साधारण १५ तास, एरवी दोन ते चार दिवस लागतात.

पहिल्या माऱ्याची पूर्वसूचना देता येत नाही, कारण तो प्रकाश हीच त्याची पहिली वार्ता असते. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र हाताशी वेळ असतो, आणि अवकाश हवामानाचा अंदाज वर्तवण्याची सगळी यंत्रणा त्या वेळेभोवती उभी आहे. मेघ निघाला हे कळते, किती वेगाने निघाला हे बऱ्यापैकी कळते, कधी पोहोचेल हे काही तासांच्या फरकाने सांगता येते. पण तो पृथ्वीला नुसता चाटून जाणार की वीजपुरवठ्यापर्यंत हादरा देणार, हे ज्या एका गोष्टीवर ठरते ती मेघ अगदी दाराशी येईपर्यंत हाती लागत नाही. सौर उद्रेकांवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या एका मुद्द्याशी येऊन मिळतात.

सूर्यावरील घटनेचा पृथ्वीच्या चुंबकत्वाशी संबंध आहे, हे उघड झाले ते उपग्रह येण्याच्या शंभर वर्षे आधी. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्लंडमधील खगोलनिरीक्षक सौरडागांची चित्रे काढत असताना एका मोठ्या डागसमूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन झोत उजळले आणि काही मिनिटांतच विझले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर वादळ आले. तारायंत्रांच्या तारांतून आपोआप प्रवाह वाहू लागले, आणि काही ठिकाणी तर बॅटऱ्या काढून ठेवून त्याच प्रवाहावर संदेश पाठवले गेले. त्या वादळाची सर्वांत मोलाची नोंद मुंबईची आहे. ग्रीनिच आणि क्यू येथील स्वयंचलित नोंदयंत्रांचा प्रकाशबिंदू कागदाच्या बाहेर गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र निरीक्षक उपकरण स्वतः वाचून आकडे लिहीत होते. एरवी तासातासाने होणारी वाचने वादळ सुरू झाल्यावर अधिक जवळजवळच्या वेळांनी घेतली गेली. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे त्या तक्त्यांत आहे. जवळपास दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी या नोंदींवरून कॅरिंग्टन वादळाची तीव्रता पुन्हा मोजली. त्या घटनेविषयी आज जे काही संख्येत बोलता येते त्याचा मोठा आधार कुलाब्याच्या त्या वह्या आहेत. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमाप बिघडू नये म्हणून ही वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. तिथे १९०४ पासून मोजणी सुरू आहे.

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पोकळीतून काहीतरी सतत वाहत असते, ही कल्पना मात्र सहज स्वीकारली गेली नाही. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याचा सिद्धान्त मांडला तेव्हा दोन परीक्षकांनी तो लेख नाकारण्याची शिफारस केली होती. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही तो पटलेला नव्हता, पण गणितात चूक सापडत नाही असे पाहून त्यांनी तो छापला. विज्ञानातल्या संपादकीय न्यायबुद्धीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेत महिनोन्महिने हा वारा मोजला आणि वाद संपला. सीएमई या सौरवाऱ्यातूनच वाट काढत येतात.

आजच्या पहाऱ्याची पहिली पायरी भूस्थिर कक्षेत, पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. अमेरिकेच्या गोज मालिकेतील उपग्रह हवामानाची छायाचित्रे घेतात हे सर्वांना माहीत असते. पण १९७० च्या दशकापासून तेच उपग्रह सूर्याकडून येणारे क्ष-किरणही अखंड मोजत आले आहेत. सौरज्वालांची ए, बी, सी, एम आणि एक्स ही वर्गवारी याच मोजणीवर बेतलेली आहे. प्रत्येक अक्षर आधीच्या दसपट तीव्रतेचे. एक्स-१ म्हणजे दर चौरस मीटरला एका वॅटचा दहा हजारावा भाग. एक्सनंतर अक्षर नाही, पुढे आकडाच वाढत जातो. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेने तर मापकाची कमाल मर्यादाच ओलांडली, आणि तिची तीव्रता नंतर अंदाजाने एक्स-२८ किंवा त्याहून अधिक ठरवावी लागली. गोजवरच प्रोटॉन मोजणारी उपकरणेही आहेत. ध्रुवाजवळून जाणारी विमाने आणि अंतराळवीर यांच्यासाठीचे इशारे त्यांच्यावरून निघतात. हा धोका कागदी नाही. अपोलो-१६ एप्रिल १९७२ मध्ये परतले, अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघाले, आणि मधल्या ऑगस्टमध्ये प्रोटॉनांचे असे वादळ झाले की चंद्रावर वा वाटेत कोणी असते तर त्यांची प्रकृती गंभीर झाली असती. त्याच वेळी निघालेला मेघ १५ तासांच्या आत पृथ्वीवर पोहोचला होता, आणि व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौदलाने पेरलेले चुंबकीय सुरुंग त्या वादळात आपोआप फुटले.

क्ष-किरणांचा आलेख ज्वाला झाली एवढे सांगतो. कुठे झाली आणि आणखी होणार का, हे पाहायला चित्र लागते. फेब्रुवारी २०१० मध्ये सुटलेले सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे यान ते काम करते. दर १२ सेकंदांनी ते निरनिराळ्या तरंगलांबींत सूर्याची चित्रे घेते. प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या तापमानाचा प्लाझ्मा दाखवते, त्यामुळे एकाच जागेचे थर उलगडून पाहता येतात. त्यावरचे दुसरे उपकरण सूर्याच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र मोजते. सौरडागांत प्रबळ चुंबकत्व असते हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये वर्णरेषांच्या फाकण्यावरून ओळखले. हे यान तीच युक्ती अखंड, संपूर्ण सूर्यबिंबासाठी वापरते. उत्तर आणि दक्षिण ध्रुवतेचे डाग एकमेकांत गुंतून बसले, त्यांच्यामधली सीमारेषा वेडीवाकडी झाली, की तिथे ऊर्जा साठते आहे असे समजतात. त्या साठ्याचा स्फोट नेमका केव्हा होईल हे आजही शक्यतेच्या भाषेतच सांगितले जाते.

मेघ प्रत्यक्ष पाहायचा तर कोरोनाग्राफ हवा. सूर्याचे झगमगते बिंब एका चकतीआड लपवले की भोवतीचे लाखो पटींनी मंद प्रभामंडल दिसते. अवकाशातून पहिला सीएमई डिसेंबर १९७१ मध्ये ओएसओ-७ या उपग्रहावरील कोरोनाग्राफने टिपला. २ डिसेंबर १९९५ ला सुटलेल्या सोहो यानावरील लॅस्को या उपकरणाने मग या मेघांची हजारोंनी नोंद केली. त्याच्या चित्रात मध्यभागी काळी चकती असते आणि तिच्यात सूर्याच्या खऱ्या आकाराचे पांढरे वर्तुळ रेखलेले असते. मेघ कडेने निघाला तर एका बाजूला फुगत जाणारा बुडबुडा दिसतो. तो थेट पृथ्वीच्या दिशेने असेल तर चकतीभोवती सगळीकडून एक कडे उमटते आणि ते एकामागून एका चित्रात मोठे होत जाते. असे पूर्ण कडे दिसले की अंदाज वर्तवणाऱ्यांची धावपळ सुरू होते. अडचण एवढीच की मेघ सरळ विरुद्ध दिशेला गेला तरी कडे तसेच दिसते. म्हणून त्याच वेळी बिंबाच्या पृथ्वीकडील बाजूवर ज्वाला किंवा काळवंडलेला भाग दिसला का, हे दुसऱ्या यानाच्या चित्रांत पाहावे लागते. मोठ्या उद्रेकानंतर अर्ध्या-पाऊण तासात लॅस्कोच्या चित्रांवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. ते कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळलेले प्रोटॉन असतात.

समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग समोरूनच मोजणे अवघड असते. ऑक्टोबर २००६ मध्ये सोडलेली स्टिरिओची जुळी याने ही उणीव भरून काढण्यासाठी होती; एक पृथ्वीच्या पुढे आणि एक मागे सरकत गेले, आणि मेघ प्रथमच बाजूने दिसू लागले. त्यांपैकी एकाशी संपर्क २०१४ मध्ये तुटला. त्याआधी, २३ जुलै २०१२ रोजी, दुसऱ्या यानाच्या दिशेने एक प्रचंड मेघ सुटला आणि एका दिवसाच्या आत त्या यानावर आदळला. पृथ्वी तेव्हा सूर्याच्या दुसऱ्या अंगाला होती. तोच उद्रेक आठवडाभर आधी झाला असता तर तो पृथ्वीच्या वाटेवर आला असता, आणि कॅरिंग्टन वादळाच्या तोडीचे काहीतरी विजेवर चालणाऱ्या जगाला सोसावे लागले असते.

मेघाचा परिणाम कशावर ठरतो, हा प्रश्न इथे येतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ उत्तराभिमुख असते. मेघासोबत आलेले क्षेत्रही उत्तराभिमुख असेल तर बराचसा मारा बाजूने सरकून जातो. ते दक्षिणाभिमुख असेल तर दोन्ही क्षेत्रांच्या विरुद्ध दिशांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात, पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचाला, म्हणजे चुंबकांबराला, खिंडार पडते आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. ही पुनर्जोडणीची कल्पना जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये मांडली. मेघाचा वेग, घनता, आकार हे सारे महत्त्वाचे. पण निर्णायक असते ती दक्षिणेकडे वळलेली ही दिशा आणि ती किती तास टिकते. दुरून घेतलेल्या कुठल्याही चित्रात ती दिसत नाही. मेघाच्या आत चुंबकमापक असल्याशिवाय ती कळत नाही.

असे चुंबकमापक ठेवण्याची सोयीची जागा म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला पहिला लग्रांज बिंदू, एल-१. पृथ्वीपासून तो सुमारे १५ लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहे. सूर्यापर्यंतच्या अंतराचा हा जेमतेम शंभरावा भाग. दोन्ही गोलांचे गुरुत्वाकर्षण तिथे असे जुळते की यान थोड्या इंधनावर पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. नेमक्या बिंदूवर यान ठेवले तर पृथ्वीवरच्या अँटेनाला त्याच्या मागे सूर्य दिसेल आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात त्याचे संदेश बुडतील, म्हणून याने त्या बिंदूभोवती मोठ्या कक्षेत फिरतात. १९९७ पासून एस हे यान आणि २०१५ मध्ये सुटलेले डिस्कव्हर यान ही पहाऱ्याची चौकी सांभाळत आले. तिथून पृथ्वीपर्यंत रेडिओ संदेश पाच सेकंदांत येतो. मेघाला, सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने, तासभर लागतो. ८०० किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास. आणि २००० किलोमीटरच्या वेगाने अवघी बारा-तेरा मिनिटे. वादळ जितके भयंकर तितकी मुदत कमी, असा हा हिशेब आहे.

याच चौकीवर आता भारताचे आदित्य एल-१ आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५७ ने ते सुटले आणि ६ जानेवारी २०२४ ला एल-१भोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावर सात उपकरणे आहेत. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा कोरोनाग्राफ प्रभामंडल पाहतो. पुण्याच्या आयुकाने घडवलेली सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात, ११ गाळण्यांमधून सूर्याचे संपूर्ण बिंब टिपते. पृथ्वीवरचा ओझोन थर यातला बराचसा प्रकाश अडवत असल्याने हे दृश्य जमिनीवरून मिळत नाही, आणि पूर्ण बिंबाची अशी चित्रे आधी उपलब्ध नव्हती. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स-६.३ ज्वालेचा गाभा या दुर्बिणीने टिपला. इतर उपकरणे क्ष-किरण, सौरवाऱ्यातील कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजतात. चुंबकमापकांचे संवेदक यानाबाहेर काढलेल्या सहा मीटर लांब दांडीवर बसवले आहेत, एक टोकाला आणि एक मध्यावर. एल-१ जवळचे क्षेत्र शांत काळात पाच-सहा नॅनोटेस्ला असते, आणि महाराष्ट्रात जमिनीवर पृथ्वीचे क्षेत्र ४० हजारांच्या आसपास. इतके क्षीण क्षेत्र मोजताना यानाच्या स्वतःच्या तारांतून वाहणारी वीजही आड येते. दोन अंतरांवरची वाचने ताडून पाहिली की यानाचा वाटा वजा करता येतो.

ही सगळी साखळी एकत्र कशी चालते हे मे २०२४ मध्ये दिसले. सूर्याच्या दक्षिण गोलार्धात १३६६४ क्रमांकाचा सक्रिय प्रदेश काही दिवसांत फुगून पृथ्वीच्या पंधरा-एक व्यासांइतका रुंद झाला. ८ मेपासून त्याने एक्स वर्गाच्या ज्वाला फेकायला सुरुवात केली आणि पाठोपाठ अनेक मेघ पृथ्वीच्या दिशेने निघाले. नंतरचे मेघ आधीच्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने वेगात येऊन त्यांना गाठू लागले. अमेरिकेतील बोल्डर येथील अवकाश हवामान केंद्राने ९ मे रोजी जी-१ ते जी-५ या वादळांच्या मोजपट्टीवरील जी-४ पातळीची पूर्वसूचना दिली. अशी सूचना जानेवारी २००५ नंतर प्रथमच निघाली होती. १० मे रोजी भारतीय वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारास एल-१वरच्या मापकांनी उडी घेतली, आणि साधारण अर्ध्या तासाने पृथ्वीवरील चुंबकीय वेधशाळांत धक्का नोंदला गेला. क्षेत्र दक्षिणेकडे सुमारे ५० नॅनोटेस्लांपर्यंत गेले. ११ मेच्या पहाटे वादळ जी-५ या सर्वोच्च पातळीवर पोहोचले, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. आदित्यवरील कणमापकांनी आणि चुंबकमापकाने ते टिपले; सूट आणि कोरोनाग्राफ त्या दोन दिवसांत देखभाल व अंशशोधनाच्या कामात असल्याने त्यांना ते पाहता आले नाही. लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ लाल ध्रुवीय प्रकाश पकडला. इस्रोने काही उपग्रहांचे तारकासंवेदक खबरदारी म्हणून बंद ठेवले. मोठे नुकसान झाले नाही. मुख्य मारा पहाटे आला, तेव्हा भारतावरचे आयनांबर पुरते घडलेले नव्हते, याचाही फायदा झाला. अमेरिकेत मात्र उपग्रहांच्या मार्गदर्शनावर पेरणी करणारे ट्रॅक्टर ऐन हंगामात थांबवावे लागले.

वादळाने नेमके काय बिघडते, ते अक्षांशावर आणि उंचीवर अवलंबून असते. उत्तरेकडच्या देशांत भीती असते ती वीजजालाची. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जमिनीत उपजलेले प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरले, संतुलन राखणारी यंत्रणा एकामागून एक बंद पडली आणि दीड मिनिटात संपूर्ण जाल कोसळले. ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. खालच्या कक्षेतील उपग्रहांना त्रास होतो तो वातावरणाचा. वादळात वरचे विरळ वातावरण तापून फुगते आणि उपग्रहांना होणारे घर्षण वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी आलेल्या वादळात त्यांतले ३८ पडून जळाले. ते वादळ किरकोळ पातळीचे होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशात काळजी आयनांबराची. इथे ते मुळातच दाट आणि चंचल असते. त्यातून वाकत येणाऱ्या जीपीएस संदेशात चूक शिरते, आणि विमानांना उतरताना अचूक स्थान देणाऱ्या गगन प्रणालीला ती सतत दुरुस्त करावी लागते.

या पहाऱ्यातल्या फटी मोठ्या आहेत. एस आणि सोहो ही याने आपल्या नियोजित आयुष्याच्या कितीतरी पलीकडे चालवली गेली. २००३ च्या वादळात एसवरील सौरवाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण प्रोटॉनांच्या माऱ्यात, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी, गोंधळले. या दोन यानांची जागा घेण्यासाठी जून २०२४ मध्ये गोज-१९ वर कोरोनाग्राफ बसवून पाठवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एल-१कडे केवळ या कामासाठी बांधलेले नवे यान सुटले. सूर्याच्या पाठीमागची बाजू पाहणे हे दुसरे काम. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे निम्मा सूर्य नेहमी आड असतो. १३६६४ हा प्रदेश पलीकडे वळल्यावर युरोपच्या सोलर ऑर्बिटरने त्याचा पाठपुरावा केला. पृथ्वीच्या मागून ६० अंशांवर असलेल्या एल-५ बिंदूवर व्हिजिल नावाचे यान २०३१ च्या सुमारास पाठवण्याची युरोपीय अवकाश संस्थेची योजना आहे. तिथून मेघ बाजूने दिसतील आणि पृथ्वीसमोर येऊ घातलेले डाग चार-पाच दिवस आधी न्याहाळता येतील.

चुंबकीय दिशेचा प्रश्न त्यानेही सुटणार नाही. त्यासाठी दोन वाटांनी प्रयत्न चालू आहेत. एक, उद्रेकाआधी सूर्यावर मोजलेल्या क्षेत्रावरून मेघातला पीळ संगणकावर उभा करणे. वाटेत मेघ वळतो, दुसऱ्या मेघांना धडकतो, त्यामुळे हे गणित अजून भरवशाचे झालेले नाही. दुसरी वाट चुंबकमापक एल-१ च्याही पुढे, सूर्याच्या अधिक जवळ नेण्याची. तिथे लग्रांज बिंदूसारखी आयती जागा नाही; सूर्याजवळची कक्षा अधिक वेगवान असल्याने एकटे यान लवकरच पृथ्वीच्या रेषेतून निसटते. म्हणून अनेक लहान यानांची माळ सोडून त्यांतले एखादे तरी नेहमी वाटेवर राहील अशी रचना सुचवली जाते. ती उभी राहीपर्यंत वीजमंडळे, विमानतळ आणि उपग्रहांची नियंत्रण केंद्रे यांच्या हाती पक्क्या इशाऱ्यासाठी एल-१ ते पृथ्वी एवढ्या अंतराचाच वेळ आहे.